आईच्या लुगड्याचा काठ



गेल्या वर्षी मी सिंगापूरहून माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, आमच्या आईचा एक फोटो पाठवला. ताई दिमोनाला राहते. तिच्या घरी तो भिंतीवर लागला आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "अरे, हा फोटो आहे का हाताने रंगवलेलं चित्र?" दोन्ही आहे, असं सांगितलं तर कोणाचं समाधान होत नाही. म्हणून म्हटलं, सगळी हकीकत एकदा लिहूनच काढावी. जरा लांबण लागेल, तेव्हा चहाचा कप जवळ घेऊन बसा.

मूळ फोटो १९७४ सालचा, आमच्या रेवदंड्याच्या घरचा. ताई, भावजी आणि त्यांची मुलं इस्राएलला निघाली त्या दिवशी सकाळी एका मावसभावाने काढला होता. त्या काळी रंगीत रोल म्हणजे मोठी चैन. फोटोत डाव्या बाजूला आई ओट्यावर बसलेली आहे, अंगावर काठाचं लुगडं, आणि उजवीकडे ओट्याचा लाकडी खांब. निघताना ताई म्हणाली, "मला याची एक प्रत पाठव रे." मी म्हणालो, "पाठवतो."

ती प्रत काही गेली नाही. आज करू, उद्या करू, यात दोन वर्षं निघून गेली आणि १९७६ साली आईच गेली. त्या वेळी भारत आणि इस्राएल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध नव्हते. ते १९९२ साली जुळले. ताईला आईच्या शेवटच्या दिवसांत येता आलं नाही. निगेटिव्ह आमच्या मुंबईच्या खोलीत एका पावसाळ्यात छत गळून खराब झाली. उरला तो पोस्टकार्डाएवढा एकच फोटो, माझ्या पेटीत. पेटीत अंधारात ठेवला तरी त्या काळच्या रंगीत फोटोंतला निळा रंग हळूहळू उडत जातो आणि सगळं तांबूस दिसायला लागतं. आमच्या आईचंही तसंच झालं. चेहरा तांबूस, लुगडं विटकरी, मागची भिंतसुद्धा विटकरी.

आता ताई शहाऐंशी वर्षांची आहे. तिची नजर मधोमध गेली आहे, कडेकडेने थोडं दिसतं. मोबाइलवर फोटो पाठवला तर म्हणाली, "नुसती काच चमकते रे, आई कुठे आहे?" मग मी एका दुकानात फोटो दुरुस्त करून, मोठा करून घेतला. त्यांनी आईला गोरीपान आणि गुळगुळीत करून टाकली. सुरकुत्या गेल्या, कपाळावरचा व्रणही गेला. माझी बायको बघून म्हणाली, "ही कोण बाई?" तो फोटो मी पाठवलाच नाही.

माझी नात दहा वर्षांची आहे. तिच्या सुट्टीत आमच्या वस्तीजवळ जुन्या पद्धतीने फोटो छापायला शिकवण्याचा वर्ग निघाला. तिला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मीही नाव घातलं. शिकवणाऱ्या एक चिनी बाई होत्या, बोलायला मृदू, पण कामात कडक. तिथे मी पहिल्यांदा डिंकाचा फोटो पाहिला. कागद खरखरीत, चमक अजिबात नाही, रंग दाट. मनात आलं, हा ताईला दिसेल.

पद्धत अशी आहे. डिंकाच्या पाण्यात चित्रकाराचा रंग आणि डायक्रोमेट नावाचं रसायन मिसळायचं आणि कागदावर फासायचं. वाळलं की वर निगेटिव्ह ठेवून ऊन दाखवायचं. जिथे ऊन लागतं तिथला डिंक कडक होऊन कागदाला धरून बसतो. जिथे लागत नाही तिथला पाण्यात सुटून जातो आणि आपला रंगही बरोबर नेतो. डायक्रोमेट उन्हाने बदलतं हे स्कॉटलंडच्या मंगो पॉन्टन यांनी १८३९ साली दाखवलं आणि फ्रान्सच्या अल्फॉन्स प्वातव्हँ यांनी १८५५ साली अशा छपाईचं पेटंट घेतलं.

आपल्याकडच्या बायका विचारतील, हा लाडवातलाच डिंक का? जवळपास तोच. लाडवाचा डिंक बहुतेक धावड्याचा नाहीतर बाभळीचा असतो. फोटोसाठी बाभळीच्याच जातभाईचा लागतो, पाण्यात पूर्ण विरघळणारा. पण मुलांनो, डायक्रोमेट हे नारंगी रंगाचं विष आहे. त्याला तुम्ही हात लावायचा नाही. आमच्या वर्गातही ते बाईच हातमोजे घालून मिसळत असत.

रंगीत फोटो हवा तर एकाच कागदावर तीन वेळा छापायचं, निळं, पिवळं आणि लाल. तीन रंगांतून सगळे रंग उभे राहतात हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली पडद्यावर करून दाखवलं होतं. फ्रान्सच्या लुई द्युको द्यु ऑरों यांनी १८७७ साली आंगुलेम गावाचं रंगीत चित्र रंगांचे थर एकावर एक बसवून तयार केलं. आता संगणक फोटोचे तीन भाग करून देतो आणि प्रत्येक भागाची निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर छापून मिळते. निळ्या थरासाठी आम्ही डिंक न वापरता जॉन हर्शेल यांची १८४२ सालची पद्धत घेतली. आपल्यातले जे कोणी पूर्वी रेल्वेत, पी.डब्ल्यू.डी.त होते त्यांना ती लगेच कळेल. आपले जुने ब्लू प्रिंट, तेच हे. निळा आधी घ्यायचा, कारण त्यात बारीकसारीक रेघा स्पष्ट दिसतात आणि पुढचे थर त्यावर जुळवता येतात. पिवळा आधी घेतला तर पांढऱ्या कागदावर तो धड दिसतही नाही, मग जुळवायचं कशावर?

आता खरी गोष्ट आली. ही तिन्ही चित्रं एकमेकांवर बिनचूक बसली पाहिजेत. छापखान्यात याला रजिस्टर जुळवणं म्हणतात. लहानपणी तुम्ही स्वस्तातली कॅलेंडरं आणि काडेपेट्या पाहिल्या असतील. ओठांचा रंग हनुवटीवर आणि डोळ्यांचा रंग गालावर गेलेला! त्या गरीब छापखान्याचं रजिस्टर हललेलं असे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एका चित्राला कितीतरी दगड लागत, प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि प्रत्येक वेळी कागद आपल्या जागेवर यायला हवा.

मला वाटलं, यात काय विशेष? मी मुंबईत तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. रेघेवर रेघ बसवण्यात आयुष्य गेलं. मी बाईंना म्हटलं, "मला हे सांगायला नको." त्या नुसत्या हसल्या.

पहिला कागद. ब्रास बसा कॉम्प्लेक्समधून चांगला जाड चित्रकलेचा कागद आणला. कोपऱ्यांवर खुणा करून निळा थर घेतला, धुतला, वाळवला. फार सुंदर आला. मग पिवळ्याची निगेटिव्ह वर ठेवली तर डावा कोपरा जुळला की उजवा सुटतो, उजवा जुळला की डावा सुटतो. पट्टी लावून पाहिलं. बारा इंचांत कागद दोन मिलिमीटर आखडला होता! आपण नवीन कापड आधी भिजवतो, मग शिवायला टाकतो. तसं न करता मी झगा आधी शिवला होता. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की कागद गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, वाळवा, आणि पुन्हा एकदा तसंच करा. मी म्हटलं होतं, एवढा महागाचा कागद कशाला भिजवायचा?

तरीही हट्टाने पुढचे दोन्ही थर घेतले. हिरवा म्हणजे निळा अधिक पिवळा. काठाचा लाल म्हणजे पिवळा अधिक लाल. लाल थर सरकून हिरव्यात घुसला तिथे मातकट काळं झालं, आणि जिथून सरकला तिथे नुसती पिवळी रेघ उघडी पडली. आईला दोन नाकं आली. नात म्हणाली, "आजोबा, पणजी हलतेय." मी तो कागद तिच्यासमोरच गुंडाळला आणि नंतर मला वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला तीन कागद दोनदा भिजवून वाळवले. मग त्यांना जिलेटिनचा हात दिला, म्हणजे रंग कागदाच्या आत मुरत नाही. जिलेटिन म्हटल्यावर बायकोने आपल्या पातेल्यांना हात लावू दिला नाही. "हे कुठल्या जनावराचं कोण जाणे, आमच्याकडे चायनाग्रास चालतं, हे नाही." मी बाजारातून वेगळं पातेलं आणलं. घरात शांतता राहिली.

या वेळी मी पक्का बंदोबस्त केला. एका फळीवर वरच्या कडेला दोन खुंट्या बसवल्या. तिन्ही निगेटिव्ह आणि कागद यांना ऑफिसातल्या पंचने दोन दोन भोकं पाडली. भोक खुंटीत बसलं की थर जागेवर. निळा थर सुरेख आला. पिवळा घ्यायला वर्गाच्या अंगणात उन्हात गेलो तर कागद खुंट्यांवर बसेना. जोर देऊन बसवला. मधोमध फुगला, वरून काच दाबली तर फुगा सरकून नेमका आईच्या चेहऱ्याखाली आला. चेहरा धुरकट झाला. दुसऱ्या कागदाचंही तेच झालं.

आता एकच तयार कागद उरला होता. माझा भाचा कामासाठी सिंगापूरला आला होता आणि गुरुवारी रात्री परत जाणार होता. ताईला तो सांगून बसला होता की मामा फोटो देतोय. त्याने येताना ताईकडून एक चिंधी आणली होती. मला आठवत होतं की लुगडं जांभळं होतं. ताई म्हणत होती, हिरवं, लाल काठाचं. पुरावा म्हणून तिने आपल्या जुन्या गोधडीतून एक बोटभर तुकडा कापून पाठवला. हिरवा होता. पन्नास वर्षं मी आईचं लुगडं चुकीचं आठवत होतो.

त्या रात्री झोप लागेना. त्या आठवड्यात नातीला घेऊन मी रॉबर्टसन कीला एस.टी.पी.आय. मध्ये गेलो होतो. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या गोदामात अमेरिकेतले छपाईचे उस्ताद केनेथ टायलर यांच्या मदतीने २००२ साली ही संस्था सुरू झाली. तिथे कागदही हाताने करतात आणि छापतातही. चित्रांसमोर उभी राहून नात म्हणाली होती, "आजोबा, यांचा काठ कसा हलत नाही?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

पहाटे पाच वाजता आठवण झाली ती आमच्या मुंबईच्या ड्रॉइंग ऑफिसची. जून लागला की बोर्डावर ताणून बसवलेले कागद सकाळपर्यंत फुगलेले असत. आमचे हेड ड्राफ्ट्समन ओरडत, "अरे, चारही बाजू आवळू नका, त्याला हलायला जागा ठेवा!" हवेतलं पाणी पिऊन कागद वाढतो आणि कोरड्यात आखडतो. सिंगापूर म्हणजे विषुववृत्तापासून दीड अंशही दूर नाही, इथे बारा महिने आपला पावसाळाच. मी कागद वाळवत होतो एसीच्या कोरड्या खोलीत आणि छापत होतो बाहेरच्या दमट अंगणात. दाराबाहेर पाऊल टाकलं की कागद मोठा होत होता, आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी आवळत होतो.

सकाळी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला समजलं, म्हणून सांगते." त्यांनी आपली फळी आणून दाखवली. त्यांच्या कागदाचं एक भोक गोल होतं, खुंटीला घट्ट. दुसरं लांबट होतं, आडवं. गोल भोक कागदाला जागा देतं. लांबट भोक त्याला वाकडं होऊ देत नाही, पण वाढायला आखडायला वाव देतं. "आणि गोल भोक कुठे पाडायचं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्याला हलू द्यायचं नाही त्याच्या जवळ. चूक थोडी राहतेच. ती कुठे जाऊन पडेल, एवढं आपल्या हातात असतं."

मी गोल भोक डाव्या बाजूला, आईच्या डोक्याच्या वर ठेवलं. उजव्या भोकाला शेजारी पुन्हा अर्धा पंच मारून लांबट केलं. ते खांबाच्या बाजूला आलं. खोलीतला एसी बंद केला, पडदे ओढले, खिडक्या उघडल्या आणि कागद व निगेटिव्ह तासभर त्याच हवेत ठेवल्या. रंग फासण्याच्या आधीच ही विश्रांती द्यायची असते. एकदा रंग लागला की दमट उष्ण हवेत डिंक अंधारातही आपोआप कडक व्हायला लागतो, मग थांबता येत नाही. घामाने माझा सदरा भिजला. नात वारा घालत होती, मला नव्हे, कागदाला.

निळा मंगळवारी आला. त्या थराचं औषध नातीनेच ब्रशने लावलं. ते डायक्रोमेटसारखं जहाल नाही, तरी हातमोजे घालूनच. पिवळा बुधवारी आला. या वेळी कागद खुंट्यांवर अलगद बसला, कुठे फुगवटा नाही. गुरुवारी सकाळी लाल. ऊन दाखवून कागद पालथा पाण्यात सोडला. या वेळी काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाणी गुलाबी होत गेलं. वीस मिनिटांनी बाईंनी कागद उलटा केला.

आई होती. कपाळावरचा व्रण होता. लुगडं हिरवं, आणि काठ लाल, जिथल्या तिथे. मी खिशातून ताईची चिंधी काढून शेजारी धरली. नात काही बोलली नाही, फक्त माझा हात धरून उभी राहिली. उजवीकडे पाहिलं तर खांबाच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ सुटली होती. कागदाने जो काही हट्ट केला होता तो सगळा तिथे जाऊन पडला होता.

भाच्याने फोटो दोन पुठ्ठ्यांत घालून विमानात हातात धरून नेला. शनिवारी रात्री व्हिडिओवर फोन आला. ताईने फोटो डोळ्यांच्या कडेशी धरला, वर केला, खाली केला. बोटाने काठावरून हात फिरवला. बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणाली, "खांब हलतोय रे तुझा."

"हो ताई. तेवढं राहिलं."

"राहू दे. आई स्वस्थ बसलीय." आणि थोड्या वेळाने, "पन्नास वर्षं लावलीस."

यावर मला उत्तर नव्हतं, आजही नाही.

मित्रांनो, आपण सगळे इकडून तिकडे गेलेली माणसं. कोणी लोदला, कोणी अश्दोदला, कोणी माझ्यासारखा मुलामागोमाग सिंगापूरला. नातवंडं आपल्याशी निम्मं मराठी आणि निम्मं इंग्रजी नाहीतर हिब्रू बोलतात, आणि आपण त्यांना सगळीकडून आवळायला जातो. मीही जायचो. हल्ली नातीने मराठीत चूक केली की मला ते लांबट भोक आठवतं आणि मी गप्प बसतो. पणजीचं नाव आणि गाव मात्र तिच्याकडून पक्कं पाठ करून घेतलंय.

एक विनंती. तुमच्या पेटीत जुने रंगीत फोटो असतील तर ते आज बाहेर काढा, त्यांच्या प्रती करून घ्या, आणि मागे नाव, गाव, साल लिहा. लुगडं कुठल्या रंगाचं होतं हेही लिहा. ते सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

फोन ठेवण्याआधी ताई म्हणाली, "धाकटीलाही एक प्रत हवी आहे, पाठवशील?" या वेळी मी पाठवतो म्हटलं नाही. त्याच संध्याकाळी नवा कागद गरम पाण्यात टाकला.